झोपलेल्याला उठवायचं नाही

आमच्या घरात देवापेक्षा पप्पांच्या झोपेचा मान मोठा होता. पूजेची घंटी आई हातात नुसती धरायची, वाजवायची नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की मी नाहीतर माझा भाऊ चिमटा घेऊन धावायचो आणि ती अलगद उचलून वाफ थोडी थोडी सोडायचो. दारावरच्या बेलची तार पप्पांनी स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. भाजीवालासुद्धा आमच्या दारासमोर आला की ओरडणं बंद करायचा आणि दोन घरं पुढं गेला की पुन्हा सुरू करायचा. नवीन पाहुण्याला पहिली पाच मिनिटं वाटायचं, या घरात कुणीतरी गेलंय. मग आम्ही त्याच्या कानाशी लागून सांगायचो, पप्पा झोपलेत.

पप्पा शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. मूळचे पिशोरचे. तिथली थोडीफार शेती काका बघायचे, अद्रक लावायचे, आणि पप्पा लग्नानंतर शहरात येऊन कंपनीच्या बसमध्ये बसू लागले. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. या आठवड्यात सकाळी सातला, पुढच्या आठवड्यात दुपारी तीनला, त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्री अकराला. आई त्याला शिप म्हणायची. "या हप्त्याला तिसरी शिप हाय," असं ती रविवारी जाहीर करायची, आणि सोमवारपासून आम्ही दिवसभर कुजबुजत जगायचो.

यात नुसता धाक नव्हता. मी सातवीत असताना पप्पांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली. त्याच्या घरी कसलासा कार्यक्रम होता, दिवसा झोप झाली नव्हती, कामावर उभ्या उभ्या डोळा लागला. पप्पा दुसऱ्या दिवशी घरी आले, आम्हा दोघांना समोर बसवलं, स्वतःचा पंजा उघडून दाखवला आणि म्हणाले, "माझी झोप मोडली तर हे मोडतं. ध्यानात ठेवा." माझा भाऊ तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की पडला-झडला तरी तोंडावर हात दाबून गच्चीवर पळायचा आणि तिथं जाऊन रडायचा. तेव्हापासून घरात एकच नियम पक्का झाला, झोपलेल्याला उठवायचं नाही. मग तो कुणीही असो आणि घड्याळात कितीही वाजलेले असोत. शाळा असो, परीक्षा असो, आम्ही भावंडं आपापली उठायचो.

माझा भाऊ सतराव्या वर्षी गेला. झोपेच्या गोळ्या आणि त्यावर खोकल्याचं औषध. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण अशी गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. तो कसा गेला हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी त्या दुपारी काय केलं ते गल्लीला माहीत नाही.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अंगानं शिडशिडीत, बोलायला गोड, आणि खाण्यापिण्याचे भलते नखरे. भाकरीचा पापुद्रा वेगळा काढून आधी खायचा आणि खालची भाकरी माझ्या ताटात ढकलायचा. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा पप्पांनी कंपनीत पेढे वाटले. अकरावीला सायन्स घेतलं, उस्मानपुऱ्यातला एक क्लास लावला. सकाळी डबा घेऊन निघायचा, दुपारी परत यायचा. पहिले दोन-तीन महिने खरंच अभ्यास केला असावा. नंतर तो झोपायला लागला.

दुसऱ्या एखाद्या घरात सोळा वर्षांचा पोरगा रोज दुपारी बारापासून सहापर्यंत झोपला असता तर आईनं तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं असतं. आमच्या आईनं खिडकीला जाड पडदा लावला. "अभ्यासानं थकतंय लेकरू," ती म्हणायची. पप्पा तर खूशच होते. कष्ट करणाऱ्याला झोप येते, आळशी माणूस तळमळतो, असा त्यांचा हिशेब. आमच्या घरात झोपेवर कुणी संशय घेतलाच नसता. चोरी करायची तर कुठं करावी हे त्या पोराला बरोबर कळलं होतं, असं मला नंतर रागाच्या भरात कितीदा तरी वाटलं. पण त्यानं असं काही ठरवलं असेल असं नाही. घर आयतंच तसं होतं.

दिवाळीला आम्ही पिशोरला गेलो आणि तिथं सगळं उलटं झालं. त्याला झोपच येईना. तीन दिवस तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. घाम फुटायचा, चहाची बशी हातात थरथरायची, धाकट्या चुलत भावाला त्यानं उगीचच आई-बहिणीवरून शिवी दिली. काकू म्हणाली, "हे पोरगं लई चिडचिड करतंय, नजर लागली का काय?" आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. काका हसून म्हणाले, "नजर कशाची, इथं मोबाइलला रेंज नाय म्हणून जीव तळमळतोय त्याचा." सगळे हसले. मीही हसले, आणि वर एक चिमटा काढला, म्हटलं, ह्याला झाडावर चढवा, तिथं येईल रेंज. तो माझ्याकडं बघत राहिला. शहरात परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो ढाराढूर झोपला आणि आई म्हणाली, "आपलं घर ते आपलं घर."

डिसेंबरात त्याची पँट धुवायला टाकताना खिशात गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा सापडला. कात्रीनं कापलेला, दोन खळगे रिकामे, नाव कापून गेलेलं. मी त्याला गच्चीवर नेलं.

"हे काय?"

"डोकं दुखत होतं, ताई. मेडिकलवरून घेतली."

"कशाची गोळी?"

"डोक्याचीच."

मी त्याच्या थोबाडीत दिली. मला पटकन राग येतो, आणि आला की हात आधी चालतो. तो ओरडला नाही, लहानपणासारखाच तोंडावर हात दाबून रडला. म्हणाला, मित्रांनी दिली होती, दोनदाच घेतली, आईची शपथ. मग माझा हात धरून म्हणाला, "पप्पांना नको सांगू." मी म्हटलं, आजच सांगते.

सांगायचं ठरवून मी तीन दिवस आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी घुटमळले. पप्पांची दुसरी शिफ्ट चालू होती. मी सकाळी उठायची तेव्हा ते झोपलेले, दहा-साडेदहाला उठायचे, आंघोळ, पेपर, जेवण, की दोनला बस. बस गाठायच्या घाईत असलेल्या माणसाला मुलगा गोळ्या खातो हे कसं सांगायचं? पुढच्या आठवड्यात तिसरी शिफ्ट लागली. शेवटी मी आईला सांगितलं. आईनं तो तुकडा उलटसुलट करून बघितला, चुलीमागं टाकावा तसा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "मी बोलते त्याला. पप्पांच्या डोक्याला ताप नको देऊ. मशीनवर उभं ऱ्हातात ते."  त्यांच्या बोटांची भीती मला आईइतकीच होती.

आमच्या भिंतीला भिंत लागून खालाचं घर. खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तसंच म्हणायची. साठीची विधवा बाई. एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून तिची सगळी नोकरी झाली होती. आईचं आणि तिचं लई गूळपीठ. आमच्याकडून पुरणपोळी जायची, तिच्याकडून शीरखुर्मा यायचा, आणि वाटी कधी रिकामी परत जायची नाही. मार्चमध्ये दोघी गच्चीवर कुरडया घालत होत्या, मी चीक ढवळत होते. खालानं आधी इकडचं तिकडचं काढलं, मग हळूच म्हणाली, "भाभी, बुरा नक्को मानो. तुमचा पोरगा मी बघितला. पलीकडं त्या बंद शेडच्या मागं बसला होता, मान अशी खाली लोंबत होती. वो बटन खानेवाले छोकरे हैं सब."

झोपेच्या गोळ्यांना आमच्या शहरातली पोरं बटन म्हणतात. हे मला त्या दिवशी कळलं. आईला काय कळलं ते मला माहीत नाही, पण तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "आमचं लेकरू तसलं नाय, खाला," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या कुणाला बघितलं असंल." खाला म्हणाली, "अल्ला करे दुसराच असो." एवढंच झालं. भांडण नाही, काही नाही. पण आईनं कुरडयांचं पातेलं उचललं आणि आम्ही खाली आलो. त्यानंतर वाटीची ये-जा थांबली. मला तर आईपेक्षा जास्त राग आला होता. खालानं सांगितलेलं खरं आहे हे मला आतून ठाऊक होतं म्हणूनच तो एवढा आला असणार. माझ्या भावाला मी मारीन, पण शेजारणीनं त्याचं नाव घ्यायचं नाही, असला माझा तोरा.

त्या रात्री आईनं त्याला विचारलं. त्यानं पुन्हा आईची शपथ घेतली. आईनं त्याला तूप-साखर-पोळी खाऊ घातली.

तो दिवस एप्रिलमधला. पप्पांची तिसरी शिफ्ट होती. साडेसातला घरी आले, चहाबरोबर शिळी भाकरी खाल्ली आणि आतल्या खोलीत झोपले. पिशोरच्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं, म्हणून काकू गावाहून आली होती आणि ती नि आई साडेदहाला साड्यांसाठी शहागंजला गेल्या. जाताना आई माझ्या कानात म्हणाली, "पप्पांकडं लक्ष दे. कुकर लावू नको, मी आल्यावर लावते." मी स्वयंपाकघरात बँकेच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन बसले.

पावणेबाराला भाऊ आला. दाराची कडी त्यालाही आवाज न करता काढता यायची. भिंतीला हात लावत लावत आला आणि समोरच्या खोलीतल्या कॉटवर पडला. डोळे अर्धे मिटलेले. "ताई, झोपतो," म्हणाला. जीभ जड होती. मी दबक्या आवाजात पण दात-ओठ खात म्हटलं, "बूट काढ आधी. चादर काल धुतलीय." त्यानं काढले नाहीत. मीच काढले, ओढून, आणि एक बूट रागानं कॉटखाली भिरकावला. त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं बुटांबद्दल आहे.

त्यानं काहीतरी घेतलंय हे मला समजलं होतं का? होतं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, झोपेल आणि उतरेल. आज पप्पा उठले की सांगूनच टाकायचं, असं मी दहाव्यांदा ठरवलं.

मग तो घोरायला लागला. तो कधी घोरत नसे. आवाज घशातून यायचा, ओला, मध्येच अडकायचा, मग एकदम मोठ्यानं सुटायचा. मला एकच काळजी, पप्पा उठतील. मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. कूलर मोठा केला. त्याच्या खांद्याला धरून कुशीवर वळवायला गेले, पण तो दगडासारखा जड लागला आणि जास्त हलवलं तर जागा होईल म्हणून सोडून दिलं. हे वाक्य मी लिहिते आहे आणि माझं मलाच खरं वाटत नाही. पण तसंच झालं. जागा होईल म्हणून सोडून दिलं.

एकच्या सुमारास दारावर नखानं वाजवल्यासारखी टकटक झाली. आमच्या दारावर असंच वाजवायचं असतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. खाला होती. डोक्यावरून ओढणी, हात कणकेचे.

"कौन सोरा बेटा अंदर?"

"पप्पा झोपलेत. तिसरी शिफ्ट आहे."

"पप्पा नै. हा आवाज इकडून येतोय, समोरच्या खोलीतून. भिंतीतून येतोय मला. तेरा भाई है ना?"

मी दार आणखी थोडं लोटून घेतलं. फटीतून तिला कॉट दिसू नये म्हणून मध्ये उभी राहिले.

"हो. क्लासवरून आला, दमलाय."

"उसको उठा." ती एकदम म्हणाली. मग माझा चेहरा बघून मराठीत आली. "मी तीस वर्षं वॉर्डात काढली बेटा. हे झोपेचं घोरणं नाय. एकदा हाक मार नुसती. डोळे उघडले तर झोपू दे परत. मी बघू का?"

"खाला, आमच्यात झोपलेल्याला उठवत नाहीत," मी म्हटलं. "पप्पा झोपलेत आत. तुमच्या आवाजानं उठतील ते. रात्री त्यांना मशीनवर जायचंय."

"बेटा, मेरी बात..."

"तुम्हाला आमच्या घरात एवढं लक्ष घालायची काय गरज आहे?"

हे मी कुजबुजत म्हटलं. माणसाचा अपमान करायला आवाज चढवावा लागत नाही, हे आम्ही त्या घरात राहून चांगलंच शिकलो होतो. खाला क्षणभर उभी राहिली. कणकेचे हात ओढणीला पुसले आणि गेली. मी कडी लावली, हळूच.

अर्ध्या-पाऊण तासानं घोरणं थांबलं.

मला हायसं वाटलं. मला हे लिहायचंच आहे, कारण बाकी सगळं एक वेळ मी स्वतःला माफ करीन, हे करता येत नाही. मी पुस्तकातून मान वर केली, कान दिला, घर शांत होतं, आणि मला वाटलं, बरं झालं बाई. मग मी टक्केवारीची दोन गणितं सोडवली. दोन्ही बरोबर आली होती.

अडीचला पप्पा उठले. आतलं दार उघडून चवड्यांवर चालत बाहेर आले. कॉटपाशी थांबले, पोराकडं बघितलं, कूलरचं तोंड जरा त्याच्याकडं वळवलं. नळ बारीक सोडून तोंड धुतलं. स्वयंपाकघरात मी त्यांना वांग्याची भाजी-भाकरी वाढली आणि आम्ही दोघं कुजबुजत बोललो, लग्नाचं, काकूचं, आहेराचं. आजच सांगायचं असं ठरवलेलं मी सांगितलं नाही. ते जेवत होते. जाताना भावाकडं हात करून म्हणाले, "झोपू दे त्याला. पेपर झाले की असंच व्हतं." आणि गच्चीवर गेले.

आई आणि काकू पावणेचारला आल्या. आईनं पिशव्या दाराशी ठेवल्या, पदरानं घाम पुसला आणि कॉटच्या कडेला टेकली. त्याच्या केसांतून हात फिरवला. मग हात कपाळावर ठेवला. मग गालावर. आणि ती ओरडली. मला आईचा आवाज एवढा मोठा आहे हे तेवीस वर्षांत माहीत नव्हतं.

सगळ्यात आधी खाला आली. अनवाणी पळत आली, त्याला खाली जमिनीवर घेतलं, तोंडात बोट घालून काहीतरी काढलं, छातीवर कान ठेवला, छाती दाबायला लागली. कुणीतरी रिक्षा आणली. खाला पोराचं डोकं मांडीवर घेऊन आमच्याबरोबर घाटीत, सरकारी दवाखान्यात आली. रस्ताभर ती त्याच्या गालावर चापट्या मारत, मोठमोठ्यानं त्याला हाका मारत होती.

डॉक्टर तरुण होता, भावापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असेल. त्यानं फार वेळ घेतला नाही. खिशातून निघालेली पाकिटं आणि लहान बाटली एका ट्रेमध्ये ठेवली होती. त्यानं विचारलं, "शेवटचं उठून कधी बोलला?"

"पावणेबाराला," मी म्हटलं.

"त्यानंतर घोरत होता का?"

"हो."

"ते घोरणं नसतं. श्वास अडत असतो. तीन तास आधी आणला असता तर काहीतरी करता आलं असतं." मग आमच्या तोंडांकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "मध्ये कुणी उठवून पाहिलं का त्याला?"

पप्पा भिंतीला टेकून उभे होते. आई जमिनीवर बसली होती, काकूनं तिला धरलं होतं. खाला माझ्या शेजारी. मी वाट बघत होते की आता ती बोलेल. बोलावं असंही वाटत होतं. ती फरशीकडं बघत राहिली आणि काहीच बोलली नाही.

तेराव्यापर्यंत ती रोज येत होती. आई तिच्या गळ्यात पडून म्हणायची, "तुम्ही गच्चीवर सांगत व्हत्या, मी ऐकलं नाय." खाला तिच्या पाठीवरून हात फिरवायची. माझ्याकडं बघायची ती सरळ, मायेनंच बघायची, आणि मला ती नकोशी व्हायची. तिनं मला गल्लीसमोर उभं करून चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. वर्षभरानं तिचा मुलगा तिला जालन्याला घेऊन गेला. जातानाही तिनं तोंड उघडलं नाही. आईला एक वाटी देऊन गेली, खजूर भरून.

याला आता चार वर्षं झाली. मी एका पतसंस्थेत नोकरीला लागले. पप्पा अजून शेंद्र्याला जातात, पण प्रेसवर नाहीत. साहेबांना सांगून स्टोअरला बदली मागून घेतली, तिथं एकच शिफ्ट असते, दिवसाची. आई जेवायला बसली की मधूनच हात थांबवते आणि विचारते, "एवढ्या वेळात त्याला एक हाक मारायचं सुचलं नाय का गं कुणाला?" ती भांडत नसते. ताटाला विचारावं तसं विचारते. मला वाटतं तिला उत्तर नकोच असतं.

मागच्या एका रविवारी सकाळी पप्पा आणि मी गच्चीवरची पाण्याची टाकी धूत होतो. ते टाकीत उतरले होते, मी वरून बादली देत होते. आई खाली होती. का कुणास ठाऊक, त्यांचं फक्त डोकं दिसत होतं आणि तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मी म्हटलं, "पप्पा, त्या दिवशी खाला आली होती. एक वाजता. मला म्हणाली, उठव त्याला. मी तिला घालवून दिलं."

आतला ब्रशचा आवाज चालूच राहिला. मग थांबला.

"माहीत हाय मला," पप्पा म्हणाले.

"खालानं सांगितलं?"

"नाय. ती बिचारी कशाला सांगंल." टाकीतून आवाज मोठा होऊन येत होता, म्हणून ते फार हळू बोलत होते. "त्याच्या घोरण्यानं माझी झोप मोडली व्हती, बाई. साडेबारालाच. मी जागाच व्हतो. वैताग आला व्हता मला. तुला हाक मारून सांगणार व्हतो, त्याला हलव जरा, काय लावलंय हे. तेवढ्यात दारात खाला बोलायला लागली. सगळं ऐकू आलं मला. मशीनचं पण म्हणालीस तू."

मी हातातली बादली टाकीच्या काठावर टेकवली.

"मला बरं वाटलं," पप्पा म्हणाले. "म्हणलं, लेक किती जपती आपल्याला. मंग मी काय तुला हाक मारली नाय. अंगावर चादर घेतली आन् परत झोपलो."

ते टाकीतून बाहेर येईनात. मी वाकून हात दिला तेव्हा त्यांनी तो धरला, पण चढले नाहीत, नुसता धरून ठेवला. त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला नको सांगू यातलं काही." मी म्हटलं, नाही सांगत.

परवा जेवताना आईचा हात पुन्हा थांबला. एक हाक मारायची ना गं कुणीतरी, म्हणाली. मग स्वतःच स्वतःची समजूत घातली. "तू पुस्तकात व्हतीस. तुला काय म्हाईत असणार. आन् ह्यांचा काय दोष, हे तर बिचारे झोपेत व्हते."

पप्पांनी मान वर केली नाही. आई माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हटलं, "पप्पा झोपले होते."